पूरसंरक्षक बांधाचं काम नीट होतंय का, हे गावकऱ्यांनी कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की सांगलीजवळ तुमच्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या रानाच्या, कडेनं कृष्णेचा पूर अडवायला मातीचा बांध घालतायत, रोलर फिरतोय, बांध टणक दिसतोय, मग काम चांगलं समजायचं का?

नाही. टणक म्हणजे घट्ट नव्हे. बांधांच्या मातीच्या चाचण्या घेण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यावरून सांगतो. आपली काळी माती कोरडी टाकली की ढेकळं एकमेकांना अडून बसतात. रोलर गेल्यावर माथा गुळगुळीत होतो, टाच मारली तरी ठसा उमटत नाही, पण आत पोकळ्या राहतात. पाणी चढलं की ढेकळं विरतात आणि भराव आतून बसतो. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45, आणि त्या पातळीखाली उतरायला त्याला कित्येक दिवस लागले. इतके दिवस पाणी टेकून राहिलं की आतली प्रत्येक फट त्याला सापडते.

म्हणून आधी मातीतला ओलावा बघा. मूठभर माती दाबा. गोळा व्हायला हवा आणि हाताला चिखल लागायला नको. भुगा झाला तर कोरडी आहे, पाणी मारून मुरू द्यायला हवं. सैल थर 20-25 सेंटीमीटरचा, दबून साधारण 15 चा. पुढचा थर टाकण्याआधी खालचा माथा खरवडून ओला केला पाहिजे, नाहीतर दोन थरांच्या मधून पाण्याला वाट मिळते. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा बाहेरून मुरुमाचं कवचही हवंच.

दबाई मोजायला थरात लोखंडी नळी ठोकून नमुना काढतात, त्याला कोअर कटर म्हणतात. समजा प्रयोगशाळेत त्या मातीची कमाल कोरडी घनता, म्हणजे ओलावा वगळून ती जास्तीत जास्त किती घट्ट बसते तो आकडा, 1.52 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर आली आणि बांधावर 1.46 मिळाली, तर दबाई 96 टक्के. निविदेत 95 लिहिलंय की 98, ते बघा. चाचणीच्या वहीत ओळीनं 105, 108 असे आकडे दिसले तर खूश होऊ नका. बहुतेक वेळा मातीची खाण बदललेली असते, मुरूममिश्रित जड माती आलेली असते, आणि तुलना मात्र जुन्या काळ्या मातीशीच चाललेली असते.

सगळ्यात कच्ची जागा म्हणजे बांधातून जाणारा पाईप. तिथं रोलर पोचत नाही, धुम्मसानं, म्हणजे माती ठोकायच्या जड ठोकळ्यानं, पातळ थर ठोकावे लागतात. 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हाही भराव विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या, नळावरच खचला होता. हे माहीत असूनही एका बांधावर माझ्या हातून चूक झाली. जूनचं आभाळ भरून आलं होतं, सगळ्यांना घाई होती, आणि पाईपच्या दोन्ही अंगांचे थर मी नुसते बघून पुढं जाऊ दिले, नळी ठोकलीच नाही. श्रावणात पाणी चढलं आणि पाईपच्या कडेनं करंगळीएवढी धार लागली, गढूळ. स्वच्छ पाणी पाझरलं तर लक्ष ठेवून थांबता येतं, गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चाललीय. गावातल्या पोरांनी रात्रभर वाळूच्या पोत्यांचं कडं रचलं म्हणून तो बांध राहिला. ती धार मी अजून विसरलेलो नाही.

तुमच्या बांधात पाईप कुठं येतोय ते उद्याच बघून या. त्या जागेच्या चाचण्या वहीत नसतील तर लेखी मागा. माहितीच्या अधिकारात कागदांबरोबर कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. अर्ज भराव पाईपच्या वर जायच्या आत करा, नंतर तिथं नळी ठोकायला कुणी खोदून देणार नाही.