डिस्चार्जच्या वेळी गोळ्या समजावताना
अरे, कागद हातात देऊन 'यात सगळं लिहिलंय' म्हणून मोकळा होऊ नकोस, पेशंटचं अर्धं लक्ष घरी जाण्याकडे असतं. आधी घरच्या जुन्या गोळ्या मागव आणि नव्यांच्या शेजारी ठेवून बघ, ब्रँड वेगळा पण आतलं औषध तेच असं खूपदा निघतं आणि मग पेशंट डबल डोस घेत बसतो. कुठली गोळी बंद झाली तेही सांग. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर ते आठवड्यातून एकदाच, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिही. आणि 'समजलं ना?' विचारू नकोस रे, माना डोलवतातच सगळे, 'घरी कशी घेणार ते मला सांगा' म्हण आणि मधे न बोलता ऐक.