सजावट, रेखाटने की कथाचित्रे?

व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी कादंबऱ्यांवरच्या एका लेखाचा अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, 'इलस्ट्रेटर'ला 'सजावटकार' म्हणावे, 'रेखाटनकार' म्हणावे की नुसते 'चित्रकार'?

आपल्याकडे 'मुखपृष्ठ व सजावट' ही श्रेयाची ओळ रूढ आहे, म्हणून पहिला शब्द चटकन सुचतो. तरीही येथे तो टाळावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सजावट तयार वस्तूवर नंतर चढते. त्या काळी चित्र मात्र मजकुराच्या बरोबरीने आणि क्वचित त्याच्याही आधी ठरत असे. १८३६ साली चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी दरमहा एक भाग अशी निघू लागली तेव्हा मूळ बेतच असा होता की, रॉबर्ट सीमोर यांनी चित्रे काढावीत आणि तरुण डिकन्सने त्यांना जोडून मजकूर लिहावा. एप्रिलमध्ये सीमोर यांनी आत्महत्या केली आणि लवकरच मासिक भागातील चित्रे ४ वरून २ वर आली, तर मजकूर २४ पानांवरून ३२ पानांवर गेला. त्यानंतर आलेल्या हॅब्लो ब्राउन यांनी डिकन्सच्या 'बॉझ' या टोपणनावाशी जुळणारे 'फिझ' हे नाव घेतले आणि त्याच्या १० कादंबऱ्यांसाठी चित्रे काढली. चित्रासाठी कोणता प्रसंग घ्यायचा, हे डिकन्स त्यांना पुष्कळदा पत्राने कळवी.

उलट दिशेचा दाखला तर फारच बोलका आहे. लेखक लुइस कॅरलच्या, ॲलिस नावाच्या मुलीवरील दुसऱ्या बालपुस्तकाच्या वेळी, जून १८७० मध्ये, त्याचे चित्रकार जॉन टेनियल यांनी कॅरलला लिहिले की, आगगाडी उडी घेते तेव्हा ॲलिसने म्हातारीचे केस धरण्याऐवजी हाताशी असलेल्या बोकडाची दाढी धरावी. त्याच पत्रात, केसांचा टोप घातलेल्या गांधीलमाशीचे प्रकरण आपल्याला मुळीच रुचत नाही, असेही त्यांनी कळवले. छापील पुस्तकात ॲलिसच्या हातात बोकडाची दाढी आहे आणि गांधीलमाशी नाही. ज्याच्या शब्दावरून लेखकाने अख्खे प्रकरण गाळले, त्याला सजावटकार कसे म्हणावे?

'रेखाटन' हा शब्द चांगला असला तरी तो हाताने काढलेल्या रेघांपुरता आहे. टेनियल यांची रेखाटने लाकडी ठशांवर उतरवली जात आणि डॅल्झिएल बंधूंच्या कार्यशाळेत कोरली जात. वाचकाला दिसे तो त्या ठशाचा छाप. 'बोधचित्र' पाठ्यपुस्तकात शोभते, कादंबरीत नाही.

म्हणून माझी पसंती दिवाळी अंकांमुळे ओळखीच्या झालेल्या 'कथाचित्र' या शब्दाला आहे. त्यावरून 'कथाचित्रकार' सहज होतो आणि ओघात, संदर्भ स्पष्ट असेल तेथे, नुसते 'चित्रकार' लिहिले तरी चालते. मात्र ठसे कोरणाऱ्यांना त्याच शब्दात कोंबू नये. ॲलिसच्या बाबतीत 'कथाचित्रे : जॉन टेनियल, कोरीव ठसे : डॅल्झिएल बंधू' असे दोन्ही उल्लेख वेगळे करावेत.