बाळाची बातमी: कार्ड छापायचं की सांगावा धाडायचा?

*बारसं, पाळणा आणि बाळाची बातमी कळवणं याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.*

सुनेला पहिली मुलगी झाली. मुलगा म्हणतो, स्टेटस ठेवलं की बातमी पोचली. थोरले भाऊ म्हणतात, छापील कार्ड गेल्याशिवाय सोयऱ्यांना सांगितल्यासारखं होत नाही. कार्ड पाठवलंच पाहिजे का?
— एक आजोबा, परळी वैजनाथ

नाही. बाळ झाल्याची छापील पत्रिका पाठवायची आपल्याकडे रीत नाही. ही बातमी माणसाच्या तोंडून आणि पेढ्यांच्या पुड्याबरोबर जात आली आहे. छापील कार्ड येतं ते बारशाचं. ते आमंत्रण असतं, जन्माची वर्दी नव्हे.

पण तुमच्या मुलाचं म्हणणंही पुरतं खरं नाही. दोघांच्याही फोनमध्ये एकमेकांचा नंबर सेव्ह असेल तरच स्टेटस दिसतं, आणि चोवीस तासांत ते निघून जातं. गावाकडच्या आत्याबाईंनी नवा फोन घेतला असेल तर त्यांना काहीच दिसायचं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी दहा-बारा फोन करा: दोन्हीकडचे आजी-आजोबा, बाळाची आत्या, मामा, मावशी, थोरले काका, भावकीतलं सगळ्यांत वडीलधारं माणूस. व्याह्यांकडच्या मोठ्यांना फोन तुम्ही स्वतः करा, मुलावर सोडू नका. मोठ्यानं मोठ्याला सांगायचं असतं. हे फोन झाल्यावरच ग्रुपवर टाका. जिनं बाळाचं नाव ठेवायचं त्या आत्याला बातमी ग्रुपवरून कळली, तर तो सल वर्षानुवर्षं राहतो. तो कार्ड छापून भरून निघत नाही.

मागच्या वर्षी पुतण्याच्या बारशाला दीडशे कार्डं छापली. आता मला मुलगी झाली तर घरातून “कशाला खर्च, फोन करू” असं ऐकू येतंय.
— एक आई, बीड जिल्हा

मग दीडशेच छापा. त्याच कागदावर, त्याच आकारात. खर्च खरंच जड असेल तर पुढच्या प्रत्येक बारशाला फोनवरच बोलावायचं, असं घरात सगळ्यांसमोर ठरवून घ्या. तो नियम मुलीपासून सुरू झाला, तर मुलाच्या वेळीही तोच लागू राहिला पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली ८०७ होत्या. हा आकडा सोनोग्राफीच्या खोलीत तयार झाला हे खरं, पण त्या खोलीकडे जाणारी वाट घरातल्या अशाच बोलण्यातून निघते. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी किंवा जिलेबी, ही वाटणीही सोडा. पेढेच वाटा. आणि कार्डावर “पहिली बेटी, धनाची पेटी” छापू नका. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ते समजूत घालणारं वाक्य आहे. मुलाच्या कार्डावर कुणी समजूत घालत नाही.

बाराव्या दिवशी पाळण्यात घालायचं आहे. तेवढ्यात १०० कार्डं होतील का? नाव तर अजून ठरलेलं नाही.
— अंबाजोगाई

छापून होतील, वाटून होणार नाहीत. हिशेब बघा. बाळंतीण घरी येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात, सिझेरियन असेल तर चार ते सात. पाचवी, सटवाईची पूजा यात घर गुंतलेलं असतं. आठव्या दिवशी मजकूर दिला, नवव्याला प्रूफ (तपासायचा छापील नमुना) आलं, दहाव्याला कार्डं हातात पडली, तर वाटायला एकच दिवस उरतो. बाराव्या दिवसाला फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरे. घरचीच पन्नास माणसं असतील तर तेच शोभतं.

कार्यक्रम सव्वा महिन्यानंतर असेल तर कार्ड जरूर छापा. मात्र तारीख ठरवताना दीड महिन्याची लस कधी आहे ते आधी बघा. लसीनंतर एक-दोन दिवस बाळाला ताप येऊ शकतो, ते किरकिरं होतं. त्या दिवसांत कार्यक्रम ठेवू नका.

नावाची घाई करू नका. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, मग ते सगळ्यांना कळतं. कार्डावर ते आधीच छापलं तर पाळण्याजवळ ऐकायला काय राहिलं? “आमच्या बाळाचं नामकरण” एवढं पुरतं. ज्यांना आधीच तयारी करायची आहे, त्यांनी डिलिव्हरीच्या अगोदर डिझाइन करून ठेवावं आणि फक्त तारीख, वेळ, ठिकाण रिकामं सोडावं. “बाळ” हा शब्द मुलगा-मुलगी दोघांनाही चालतो. गर्भाचं लिंग विचारणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा निळं की गुलाबी हा प्रश्न आधी यायलाच नको.

आता छपाई. शंभर-दीडशे कार्डांना डिजिटल छपाई घ्या. ऑफसेटला प्लेटचा खर्च येतो, तो हजाराच्या घरात कार्डं असली तरच परवडतो. आकार ६ बाय ४ इंच ठेवला तर १३ बाय १९ इंचांच्या एका शीटवर ९ कार्डं बसतात, म्हणजे १०० कार्डांना १२ शीट आणि ८ कार्डं जास्तीची. ७ बाय ५ इंच केलं की एका शीटवर सरळ लावून ४च बसतात आणि शीट दुपटीहून जास्त लागतात. कागद ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम) घ्या. लॅमिनेशन हवं असेल तर एकाच बाजूनं, कारण गुळगुळीत लॅमिनेशनवर शाईचं पेन चालत नाही आणि मागं नाव लिहायचं असतं.

सगळ्यांत जास्त चुका अक्षरांत होतात. बऱ्याच दुकानांत कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने, युनिकोड (फोनवर चालणारी अक्षरांची सर्वमान्य पद्धत) नसलेले मराठी फाँट वापरतात. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. तो तिथं जसाच्या तसा चिकटवला की पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, रफार सुटतो, जोडाक्षर फुटतं. म्हणून ऑपरेटर मजकूर पुन्हा टाइप करतो, आणि चूक तिथंच शिरते. मजकूर मोठ्या अक्षरात कागदावर लिहूनही द्या. प्रूफ फोनवर बघून “ओके” करू नका, कागदावर काढून मागा. आजी-आजोबांची नावं, तारीख आणि वार जुळतात का, वेळ सकाळची की सायंकाळची, आणि मोबाइलचे दहा आकडे, एवढं बोट ठेवून वाचा. घरातल्या ज्या माणसानं मजकूर लिहिला त्याच्याकडून वाचून घेऊ नका, दुसऱ्याला द्या. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

कार्डात कुणाकुणाची नावं घालावीत? नावांवरूनच वाद होतो.
— सेलू, जि. परभणी

आई आणि वडील, दोघांची. कितीतरी कार्डांवर पणजोबांपासून काकांपर्यंत सगळे असतात आणि जिनं नऊ महिने बाळ वाढवलं तिचंच नाव नसतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी राज्य सरकारच्या कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. कार्डालाही तोच क्रम लावा. नमुना असा:

“आमच्या घरी बाळ आलं आहे. बाळाची आई (नाव) आणि वडील (नाव) यांच्या वतीनं आपणास नामकरणाचं अगत्याचं आमंत्रण. (वार, तारीख, वेळ). ठिकाण: आजोळी, (पत्ता). आपले, (दोन्हीकडचे आजी-आजोबा).”

दोन्हीकडचे आजी-आजोबा एकाच ओळीत आले की निम्मा वाद तिथंच मिटतो. जन्माची वेळ आणि दवाखान्याचं नाव छापायची गरज नाही. ते कुंडली मांडणाऱ्याला हवं असतं, दीडशे घरांना नको. नामकरण बौद्ध धम्म पद्धतीनं असेल किंवा सातव्या दिवशी अकीका (मुस्लिम घरांतला बाळाचा विधी) असेल, तरी मजकुराचा हाच साचा चालतो. फक्त विधीचं नाव बदला.

पुण्याला आणि हैदराबादला टपालानं पाठवायचं आहे. तिकीट किती रुपयांचं लावायचं?
— उदगीर

साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये. ६ बाय ४ इंचांचं ३०० जीएसएमचं कार्ड पाच ग्रॅमच्या आत बसतं, पाकिटासह वजन सहज निभतं. घडीचं मोठं कार्ड मात्र फसवतं. ए-४ कागदाची घडी घातली तर त्या कागदाचंच वजन १९ ग्रॅमच्या आसपास जातं आणि पाकिटासह २० ओलांडतं. मग पत्र बेरंग होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे पाहुण्याला भरावे लागतात. एक भरलेलं पाकीट पोस्टात वजन करून घ्या, मगच बाकीच्यांना तिकिटं लावा. कार्यक्रमाच्या निदान दहा दिवस आधी टाका. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव यांची नावं बदलली तरी पिनकोड तेच आहेत. पिन नीट लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण पाठवताना काय सांभाळायचं?
— जालना

चित्र किंवा पीडीएफ पाठवा, आणि त्याखाली तोच मजकूर टाइप करूनही पाठवा. वयस्कर माणसाला चित्रातली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. ब्रॉडकास्टनं (एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा जाणारा मेसेज) पाठवलं तर ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना ते मिळतच नाही, अशांना एकेकट्यानं पाठवा. बाळाचा फोटो आणि घराचं लोकेशन एकाच मेसेजमध्ये देऊ नका.

आणि हे घरातल्या मोठ्यांना आवर्जून सांगा: पत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाचा शेवट “एपीके” असेल तर ती उघडायची नाही. ते अ‍ॅप असतं. फोनमध्ये शिरून ओटीपी वाचतं आणि बँक खातं रिकामं करतं. पत्रिकेच्या नावानं अशा फाइली फिरतात.

सासर लातूरला, बाळंतपण जिंतूरला माहेरी झालं. जन्माची नोंद कुठं करायची? नाव तर बारशालाच ठरणार.
— जिंतूर

जिथं जन्म झाला तिथंच, म्हणजे जिंतूरला. राहण्याचा पत्ता लातूरचा असला तरी नोंद तिकडे होत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून आपल्याकडे ही गफलत नेहमीच होते. कार्डापेक्षा हे काम कितीतरी महत्त्वाचं आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म २१ दिवसांच्या आत कळवायचा असतो. दवाखान्यात जन्म झाला असेल तर दवाखाना कळवतो, घरी झाला असेल तर घरच्यांनी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत कळवायचं. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागतं. त्यानंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी यासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

नाव नसलं तरी नोंद होते. ते एक वर्षाच्या आत त्याच कार्यालयात विनाशुल्क घालता येतं. दवाखान्यातला फॉर्म डिस्चार्जच्या गडबडीत भरू देऊ नका. आई-वडिलांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स समोर ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा, कारण पुढं दुरुस्तीला पुन्हा जिंतूरलाच यावं लागेल. बारशाला लातूरची मंडळी येतील, तेव्हाच बाळाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर लिहून दोघांनी ठरवून टाका. नाव घालण्याचा अर्ज सासरी परतण्याआधी देऊन या.

बाळ कमी वजनाचं होतं, तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. कुणालाच कळवलं नाही. आता तीन महिने झाले. आता कार्ड पाठवलं तर लोक काय म्हणतील?
— एक बाबा, वसमत

काही म्हणणार नाहीत, आणि म्हटलं तरी तुम्ही चुकलेले नाही. आता कळवा. कार्ड नको वाटलं तर फोन करा: “बाळ तीन महिन्यांचं झालं, अमुक इतक्या वजनाचं आहे, अंगावर पितंय. पुढच्या महिन्यात पाळणा आहे, या.” उशीर का झाला याचा खुलासा विचारल्याशिवाय देऊ नका. पाहुणे कमी बोलवा, दुपारचं ऊन टाळून सायंकाळची वेळ ठेवा, दाराशीच साबण-पाणी ठेवा. सर्दी-खोकला असलेल्यांनी बाळ हातात घेऊ नये, हे आजीनं आधीच सगळ्यांना फोनवर सांगावं. आईला ते सांगायला लावू नका. बाळाला मध चाटवायला कुणी पुढं आलं तर वर्षापर्यंत मध द्यायचा नाही म्हणून थांबवा.