मुलगा शाळेत नुसता खेळतो, लिहिणार कधी?

प्रश्न : ताई, माझा मुलगा चार वर्षांचा आहे. बालवाडीतून रोज कपडे मातीने भरवून येतो. ‘आज काय केलं?’ विचारलं की एकच उत्तर, ‘खेळलो.’ शेजारची त्याच्याच वयाची मुलगी शंभरपर्यंत अंक लिहिते. सासूबाई म्हणतात, माती खेळायला फी भरता का? शाळा बदलू का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : इतक्यात नको.

मी पंचवटीत तीस वर्षं बालवाडी चालवली. पहिल्याच वर्षी एका मुलाचा हात धरून ‘ग’ गिरवून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी मी पाटी काढली, तर त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले. मला रागच आला. चूक माझी होती, हे जरा उशिराच उमगलं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती नुसती मऊ, लवचीक कूर्चा असतात आणि चौथ्या वर्षीही त्यांतलं एकही पुरतं हाड झालेलं नसतं. अशा हाताला मी ‘ग’ची गाठ घालायला लावत होते!

मग थंडीत त्याच्यापुढे मटार ठेवले. शेंगेची शिवण अंगठ्याने दाबायची, फट पडली की बोट सारायचं, दाणे वाटीत. पहिल्या दिवशी निम्मे दाणे सतरंजीखाली गेले. महिन्याभरात खडू कसा धरायचा, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

अंकांचं म्हणाल, तर शंभरपर्यंत लिहिणारी मुलं ‘सात चिंचोके दे’ म्हटलं की मूठभर आणून देतात, हे मी कितीदा पाहिलंय. (शेजारच्या मुलीची परीक्षा घ्यायला जाऊ नका हं.) भातुकलीत पाच पाहुण्यांना पाच वाट्या मांडताना एक कमी पडली, की पोर स्वतः उठून आणतं. तिथे मोजणं कळलेलं असतं.

सासूबाईंना सांगा, आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, पानं हीच शिकवण्याची साधनं होती. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही या वयाला खेळातूनच शिकवा म्हणतं.

मात्र एकदा शाळेत जाऊन बघून या. टीव्हीवर बालगीतं लावून मुलं हाताची घडी घालून बसवलेली दिसली, तर तो खेळ नव्हे. मग खुशाल बदला. वाळू, पाणी, ठोकळे मुलांच्या हाताला येतील असे ठेवलेत का, आणि भांडण झालं की बाई लगेच मध्ये पडतात की थोडं थांबतात, एवढं पाहा.

आणि ‘आज काय केलं?’ विचारू नका. ‘आज कोणाशी भांडलास?’ विचारा. जेवण संपेपर्यंत बोलेल.