बुद्ध खरोखर होऊन गेले हे कशाच्या आधारावर मानायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: बुद्धांविषयीचे ग्रंथ त्यांच्यानंतर काही शतकांनी लिहिले गेले, त्यात चमत्कारांची रेलचेल आहे; मग लुंबिनीचा अशोकस्तंभ सोडला तर ते होऊन गेले याला पुरावा काय, आणि त्यांच्या काळाबद्दल एवढा घोळ का?

माझं मत आधीच सांगतो. तो स्तंभ तुम्हाला वाटतो तेवढा भक्कम पुरावा नाही आणि ग्रंथ तुम्हाला वाटतात तेवढे कच्चे नाहीत.

लुंबिनीचा लेख १८९६ साली उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर आपण स्वतः इथे येऊन पूजा केली, कारण इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले, असं अशोक त्यात सांगतो, आणि गावाला करात सवलतही देतो. म्हणजे साधारण इ.स.पू. २४९. तो लेख वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण त्याच तराई भागात निगाली सागरला अशोकाचाच दुसरा स्तंभलेख आहे. त्यात कोनाकमन बुद्धांचा स्तूप वाढवून दुप्पट केल्याची नोंद आहे. हे कोनाकमन म्हणजे कनकमुनी, गौतमांच्या फार फार आधीच्या युगात होऊन गेले असं परंपरा मानते ते बुद्ध. इतिहासकार त्यांना ऐतिहासिक व्यक्ती मानत नाहीत. राजा तोच, लिपी तीच, परिसर तोच. केवळ दगडावर कोरलंय म्हणून एक खरं मानायचं तर दुसरंही मानावं लागेल. दोन्ही लेख सिद्ध करतात ते एवढंच, की अशोकाच्या काळी तिथल्या लोकांची तशी श्रद्धा होती. लुंबिनीच्या मायादेवी मंदिराखाली झालेल्या आणि २०१३ मध्ये जाहीर झालेल्या उत्खननाचंही तेच. एका झाडाभोवती उभारलेलं जुनं लाकडी बांधकाम तिथे मिळालं, इ.स.पू. सहाव्या शतकातलं असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं आहे. पण ते कोणासाठी उभारलं होतं, हे लाकूड सांगत नाही.

आता ग्रंथ. पाली त्रिपिटक, म्हणजे पाली भाषेतला बौद्ध ग्रंथसंग्रह, आधी पाठांतराने टिकलं आणि सिंहली परंपरेनुसार वट्टगामणी राजाच्या काळी, इ.स.पू. पहिल्या शतकात, श्रीलंकेत लिहिलं गेलं. पण तेवढ्यावर थांबू नका. त्यातल्या सुत्तांचे, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांचे, दुसऱ्या संप्रदायांनी जपलेले पाठ उत्तरेकडून चीनमध्ये गेले. त्यातल्या मध्यमागम या संग्रहाचं चिनी भाषांतर इ.स. ३९७-३९८ मध्ये झालं, दीर्घागम या संग्रहाचं ४१३ मध्ये. पाली आणि चिनी पाठ ताडून पाहिले की तपशील हलतात, सुत्तांचा क्रम बदलतो, पण गाभा जुळतो. जुळणारा भाग या परंपरा वेगळ्या होण्याआधीचा असणार, असं मानायला चांगला आधार आहे. यातून जुनेपणा ठरतो. खरेपणा ठरवायला मजकुराच्या आत शिरावं लागतं, आणि मला सगळ्यात जास्त आस्था आहे ती त्याच कामाची.

बुद्धांच्या शेवटच्या दिवसांची हकिगत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तातलं कुसिनारा घ्या. बुद्ध तिथे देह ठेवणार हे कळल्यावर त्यांचा शिष्य आनंद कळवळून म्हणतो, भगवंतांनी या कुडाच्या, आडरानातल्या गावात परिनिर्वाण पावू नये. चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कोसंबी, वाराणसी अशी मोठी नगरं आहेत की! त्यावर बुद्ध सांगतात, असं म्हणू नकोस, पूर्वी इथे महासुदस्सन राजाची वैभवशाली राजधानी होती. आता विचार करा. आपल्या गुरूची कथा ज्यांना मनाने रचायची होती, ते त्यांचा शेवट अशा आडगावात का घडवतील, आणि घडवल्यावर त्या गावाची थोरवी सांगण्याची धडपड का करतील? शिष्यांच्या हातात आधीच एक अवघड आठवण होती, तिला मागाहून वैभवाचा मुलामा द्यावा लागला. शिवाय आनंदाच्या यादीत पाटलिपुत्र नाही. मौर्यांच्या राजधानीचं नाव मौर्यकाळात कोणी विसरलं नसतं. म्हणजे ही यादी त्याआधीची असावी. त्याच सुत्तात पाटलिगाम हे गाव आहे, तिथे मगधाचे मंत्री शेजारच्या वज्जी लोकांविरुद्ध तटबंदी उभारताहेत. लगेच पुढे, हे एक दिवस अग्रनगर होईल अशी भविष्यवाणी येते. ती नंतरची भर आहे, हे सांगायला पंडित लागत नाही. जुना थर आणि नवा थर एकाच परिच्छेदात असे शेजारी शेजारी सापडतात.

चुंद नावाच्या उपासकाच्या घरच्या शेवटच्या जेवणानंतर बुद्धांना रक्ती हगवण लागली, हेही त्याच जातीचं. लगेच चुंदाला दोष देऊ नका, त्या दानाचं पुण्य थोर आहे, असा खुलासा येतो. जिथे असा खुलासा करावा लागतो, तिथे माझा विश्वास वाढतो.

पण ही कसोटीही डोळे मिटून लावायची नाही. बुद्ध गेल्यावर म्हातारपणी भिक्खू झालेला सुभद्द म्हणतो, रडता कशाला, 'हे करा, ते करू नका' म्हणणारे गेले, सुटलो आपण! ऐकायला हे अगदी नको असलेलं सत्य वाटतं. मात्र हेच वाक्य पुढे पहिली संगीती, म्हणजे उपदेश एकत्र म्हणून पक्के करणारी भिक्खूंची सभा, भरवण्याचं कारण म्हणून वापरलेलं आहे. ज्याचा उपयोग झाला, त्याचं वजन मी कमी धरतो.

गृहत्यागाची कथा पाहा. रोगी, म्हातारा, प्रेत आणि संन्यासी पाहून रात्री गुपचूप निघालेला राजपुत्र आपल्या मनात इतका पक्का बसलाय. पण महापदान सुत्तात ती चार दृश्यं विपस्सी या पूर्वीच्या बुद्धांच्या नावावर आहेत. अरियपरियेसन सुत्तात गौतम स्वतःबद्दल सांगतात ते अगदी साधं आहे: आईवडिलांची इच्छा नसताना, ते रडत असताना, केस-दाढी काढून घर सोडलं. ना सारथी, ना घोडा, ना लपूनछपून जाणं. बौद्ध साहित्याचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींनी मराठी वाचकांसमोर हा फरक फार पूर्वी मांडला होता, तरी आपण पुस्तकांत अजून चार दृश्यंच छापतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या रडणाऱ्या आईवडिलांमुळे जो माणूस दिसतो तो त्या कथेत हरवतो.

विरोधकांची साक्षही आहे, पण ती बुद्धांपेक्षा महावीरांच्या बाजूने अधिक बोलते. पाली ग्रंथ निगण्ठ नातपुत्तांना, म्हणजे महावीरांनाच, प्रतिस्पर्धी म्हणून वारंवार आणतात, पावा इथे त्यांचं निधन झाल्याचंही सांगतात. प्रतिस्पर्ध्याचं अस्तित्व फुकट कोणी कबूल करत नाही.

राहिला काळ. सिंहली इतिवृत्तांप्रमाणे परिनिर्वाणानंतर २१८ वर्षांनी अशोकाचा अभिषेक झाला, उत्तरेकडच्या परंपरेप्रमाणे साधारण १०० वर्षांनी. अशोकाचा काळ मात्र चांगला पक्का आहे, कारण तेराव्या शिलालेखात तो अंतियोक, तुरमाय अशा समकालीन ग्रीक राजांची नावं घेतो. त्यामुळे एका हिशोबाने परिनिर्वाण इ.स.पू. ४८५ च्या आसपास येतं, दुसऱ्याने ३६८ च्या. सिंहली परंपरेतच बुद्धांपासून अशोकापर्यंत विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचे, आचार्य फक्त पाच आहेत: उपाली, दासक, सोणक, सिग्गव आणि मोग्गलिपुत्त तिस्स. पाच माणसांत २१८ वर्षं बसवायला फार ताणावं लागतं. सव्वाशे-दीडशे सहज बसतात. म्हणून आज बरेच अभ्यासक परिनिर्वाण इ.स.पू. ४०० च्या आगेमागे धरतात, आणि मलाही तेच पटतं.