कोड चालतो, पण तो कळतो का?

प्रश्न : माझी मुलगी सांगलीला संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. प्रकल्पाचा बहुतेक कोड ती एआयकडून लिहून घेते आणि तो चालतोही. असे असेल तर उद्या तिला नोकरी कोण देणार? तिने वेळीच दुसरा मार्ग धरावा का?
– एक पालक, मिरज

उत्तर : मार्ग बदलावा असे मला वाटत नाही, मात्र आपली काळजी निराधार आहे, असेही मी म्हणणार नाही. आयबीएम या संगणक कंपनीच्या, फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेविषयीच्या १९५४ च्या प्राथमिक अहवालात, कोड लिहिणे आणि त्यातील चुका शोधणे ही कामे जवळजवळ संपुष्टात येतील, अशी आशा व्यक्त केली होती. चुका शोधण्याचे काम आजही संपलेले नाही, हे कोणताही प्रोग्रामर सांगेल. तरीही या जुन्या दाखल्यावर फार विसंबू नये. कारण फोरट्रानचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, ठरलेल्या नियमांनी भाषांतर करीत असे, तर एआय त्याच मागणीला आज एक आणि उद्या दुसरा कोड देऊ शकते, आणि तो बरोबर आहे की नाही हे शेवटी माणसालाच ठरवावे लागते.

ही पारख अनुभवी माणसांनाही सोपी जात नाही. २०२५ मध्ये मेटर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच परिचयाच्या प्रकल्पांवर काम करायला दिले, तेव्हा एआय वापरताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. आपले काम २० टक्के लवकर झाले, असा त्यांचा स्वतःचा समज मात्र कायम होता. साधने वेगाने सुधारत असल्याने हा आकडा टिकेलच असे नाही, पण समज आणि वस्तुस्थिती यांतील ही तफावत मला अधिक महत्त्वाची वाटते.

खरी अडचण नवोदितांची आहे. पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या कंपन्या महाविद्यालयांतून घाऊक भरती करून मुलांना आधी चाचण्या, किरकोळ दुरुस्त्या आणि जुन्या प्रणालींची देखभाल अशी कामे देत आल्या आहेत. हात बसायचा तो याच कामांत, आणि नेमकी हीच कामे एआय सहज उरकते. त्यामुळे केवळ पदवीच्या बळावर मिळणाऱ्या जागा घटतील, असे मी धरून चालतो.

आता आपल्या मुलीविषयी. कोड ‘चालतो’ आणि कोड ‘बरोबर आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वापरकर्त्याने भरलेले नाव डेटाबेसच्या आज्ञेत जसेच्या तसे जोडणारा कोड परीक्षकांसमोर बिनबोभाट चालतो. मात्र नावाच्या जागी कोणी आज्ञेचाच तुकडा लिहिला, तर सगळी माहिती उघडी पडू शकते. तिच्या प्रकल्पात असे काही आहे का, हे तिला एआय बंद ठेवून शोधू द्या आणि सापडल्यास स्वतःच्या हाताने दुरुस्त करू द्या. त्यानंतर प्रत्येक फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, कशासाठी आहे, हे तिने एखाद्या वर्गमैत्रिणीला समजावून सांगावे. जिथे ती अडखळेल, तिथूनच तिचा अभ्यास सुरू करावा.