ट्रॅक्टरचा लोडर हळू उचलतो, झटके देतो आणि पंप कण्हतो. पंपच बदलावा लागेल का?

लगेच नाही. झटके आणि पंपाचा आवाज एकत्र आले की आधी हवेचा संशय घ्या. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि मगच हायड्रॉलिक ऑइलची पातळी बघा. बूम (लोडरचा हात) वर असताना पातळी कमी दिसते. थोडं ऑइल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. ते दुधाळ दिसलं आणि दुधाळपणा तळाकडून निवळत गेला तर ती हवा. रात्रभर तसाच राहिला तर पाणी, मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

हवा बहुतेक वेळा सक्शन होजच्या (टाकीतून पंपाकडे ऑइल नेणाऱ्या पाइपच्या) ढिल्या क्लॅम्पमधून शिरते. तिथे ऑइल बाहेर गळतच असं नाही, कारण आत ओढ असते. सक्शन फिल्टर चोंदला असेल तरी पंप असाच ओरडतो, विशेषतः थंडीत, ऑइल घट्ट असताना. उलट गार असताना ठीक आणि तापल्यावर मंद, असं असेल तर पंप किंवा व्हॉल्व्ह झिजलाय.

क्विक कपलर (होज झटपट जोडायचा जोड) अर्धवट बसलेला नाही ना, तेही बघा.

रिलीफ व्हॉल्व्हच्या (जास्तीचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) स्क्रूला प्रेशर गेज लावल्याशिवाय हात लावू नका. दाबाखालची गळती पुठ्ठ्याने शोधा, हाताने कधीच नाही. बारीक धार कातडीत घुसते. घुसलीच तर लगेच हॉस्पिटल गाठा.